अर्ध्या तासाची घंटी

४ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार शेवटी घालतो, आधी बातमी ऐका. आपल्या दुकानात अमेरिकन घड्याळ आलं आहे! कपाटावर ठेवायचं, काळ्या लाकडी पेटीचं, पुढे दोन्ही बाजूंना बारीक खांब, आत लंबक आणि तासाला टोले. हातगाडीवरून, दोन चादरींत गुंडाळून आलं. तुम्ही ताईकडे राहायला गेल्यापासून इतकं मोठं काम आलं नव्हतं. मी चार वेळा हात धुतले आणि अजून एकही स्क्रू फिरवलेला नाही.

घड्याळ सिस्टरचं आहे, त्यांच्या वडलांच्या घरातलं. पाण्याच्या टाकीमागे राहतात त्या. दवाखान्यात नोकरीला असताना तुमच्या बोटाला टाके त्यांनीच घातले होते, आणि तुम्ही ओरडलात म्हणून त्या तुम्हाला ओरडल्या होत्या. त्यांची नजर आता पूर्ण गेली. डोळ्यांच्या मागची नस सुकली म्हणतात. घरात त्या आणि त्यांचे अंथरुणाला खिळलेले भाऊ, दोघंच. भावाला बोलता येत नाही. त्यांना रोज दुपारी एक वाजता एक गोळी द्यायची असते. थोडा वेळ इकडेतिकडे चालतो, पण चुकून दोन गेल्या तर धोका.

सिस्टरची भाची परगावी असते. ती म्हणते, दोघांनी आश्रमात जावं. आश्रम चांगला आहे, पण तिथे बायकांची इमारत वेगळी आणि पुरुषांची वेगळी. सिस्टर मला म्हणाल्या, "भावाला माझा हात ओळखू येतो रे. दुसऱ्याच्या हातून तो पाणीसुद्धा घेत नाही." मार्चमध्ये भाची येऊन बघणार आणि ठरवणार. तोवर सिस्टरना वेळ कानाने कळली पाहिजे. रेडिओ सांगतो, पण त्याला वाटेल तेव्हा.

मागचं दार उघडून पाहिलं. मामा, खरं सांगू? निराशा झाली. सगळी चाकं डब्याच्या पत्र्यातून कापल्यासारखी. कुठे घासणं नाही, चकाकी नाही. तबकडीवरचं नाव पुसलंय. या अमेरिकन माणसाला घाई फार होती असं दिसतं. टोल्यांची मोठी हातोडी तारेच्या वेटोळ्यावर पडते, ते ठीक. पण शेजारी आणखी एक चिमुकली हातोडी आहे. ती दर अर्ध्या तासाला उचलली जाते आणि हवेत आपटून परत येते. कशालाच लागत नाही. तुम्हीच शिकवलंत, घड्याळात जे कशाला लागत नाही तो कचरा. काढून टाकू का?

उत्तर लवकर पाठवा. नमस्कार राहिलाच होता, तो घालतो.

तुमचा भाचा

९ फेब्रुवारी

भाचेबुवा,

हात थरथरतो म्हणून ताईकडून लिहवून घेतोय. अक्षर चांगलं दिसलं तर ते माझं नाही.

आधी त्या अमेरिकनाची बदनामी थांबव. तू मनगटी घड्याळांत वाढलेला, तुला पत्रा दिसतो. माझे गुरू या घड्याळांबद्दल एक गोष्ट सांगायचे, खरी-खोटी देव जाणे. तो कारागीर मुळात लाकूड कातणारा. घोडागाडीत घड्याळं भरून खेडोपाडी फिरायचा. कोणी नको म्हटलं की म्हणायचा, "घेऊ नका, नुसतं ठेवा. परतीच्या वाटेवर उचलून नेईन." परत येईपर्यंत घरातल्यांना टोल्यांची सवय लागलेली. मग कोण परत देतंय! घासूनपुसून चकाकी आणली असती तर फक्त सावकाराच्या घरी घड्याळ गेलं असतं. त्याला ते शेतावरच्या माणसाच्या घरी न्यायचं होतं. कळलं?

आता हातोडी. काढू नकोस, कारण उचलली जाते म्हणजे तिला काम होतं. अर्ध्याचा टोला तिचाच असणार. कोणीतरी हलवाहलवीत तिची तार वाकडी केली असेल. हळूच वाकवून त्याच वेटोळ्यावर आण. तार आधी तापव, नाहीतर तुटेल आणि रडत बसशील.

(तो रडत नाही बाबा, तुम्ही उगाच लिहायला लावता. – ताई)

तो रडतो. मी पाहिलंय.

मामा

१५ फेब्रुवारी

ती. मामा,

वाजलं! वाजलं! वाजलं!

स्प्रिंगा धुतल्या, भोकं साफ केली, तेल दिलं तेही सुईच्या टोकाने. हातोडीची तार तुम्ही सांगितलंत तशी तापवून वाकवली. पहिल्यांदा छोट्या हातोडीचा आवाज फिका आला आणि मोठीचा भरदार. एकाच घड्याळाचे दोन आवाज मला बरे वाटेनात. म्हणून तिच्या तोंडाला चामड्याचा तुकडा लावला, तो कातरत कातरत बसलो, शेवटी दोन्ही आवाज अगदी एकसारखे केले. शेजारच्या शिंप्याला पाठ करून उभं केलं आणि ओळखायला लावलं. त्याला फरक सांगता आला नाही. म्हणाला, "तू आता जेवून ये, माझी गिऱ्हाइकं वाट बघतायत."

काल घड्याळ सिस्टरच्या घरी पोचवलं. कपाट पाणसळ लावून सरळ केलं. तासाचे टोले पडले तेव्हा सिस्टरनी दाराची चौकट धरली आणि ते संपेपर्यंत सोडली नाही. मग अर्ध्याचा पडला. तेव्हा म्हणाल्या, "माझ्या वडलांच्या घरी अर्ध्याचा आवाज निराळा होता रे. लहान होता." मी म्हटलं, घड्याळ तेच आहे, आवाजही तोच असणार. त्या म्हणाल्या, "असेल बाबा. तेव्हा मीही लहान होते."

भाचीला पत्र टाकून ये म्हणाल्या. बघायला खुशाल ये, असं.

मी आज काहीही काम केलेलं नाही. नुसता आनंदात बसलो आहे.

तुमचा भाचा

१९ फेब्रुवारी

लेका,

शाबास. ताईने तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि मी तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सिस्टरच्या त्या "लहान आवाजा"चं मनावर घेऊ नकोस. जुना आवाज सगळ्यांनाच गोड लागतो. मला विचारशील तर माझ्या लहानपणी कोंबडेसुद्धा सुरात आरवायचे.

तेलाचा हात हलका ठेवलास ना? मला काळजी नाही, नुसतं विचारतोय.

मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामा,

वाईट झालं.

परवा दुपारी सिस्टरचा खुर्चीत डोळा लागला. जाग आली ती एका टोल्याने. एक वाजला म्हणून त्यांनी भावाला गोळी दिली. परत डुलकी लागली. परत एका टोल्याने जाग आली. आता नेमका एक वाजला की दीड, मघाचा टोला साडेबाराचा होता की एकचा, आणि गोळी आपण स्वप्नात दिली की खरी, ते त्यांना कळेना. दवाखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांची औषधं सांभाळलेली बाई, मामा. त्यांनी दुसरी गोळी दिली. भाऊ संध्याकाळपर्यंत हलवून उठेनात. डॉक्टर आले. आता बरे आहेत, जेवले. पण डॉक्टरांनी भाचीला कळवलं.

मी धावत गेलो. सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साडेबाराला एक, एकला एक, दीडला एक. तिन्ही सारखे. मी कुठल्या एकात आहे ते तूच सांग."

ते तिन्ही आवाज सारखे मीच केले आहेत. कातरून कातरून केले आहेत. शिंप्याची परीक्षा घेऊन केले आहेत.

भाची एकोणीस मार्चला येते आहे. आश्रमात दोन जागा धरून ठेवल्यात असं तिने लिहिलंय. सिस्टर तिला पत्राने काही कळवत नाहीत. म्हणतात, काय कळवू?

घड्याळ मी परत दुकानात आणलं आहे आणि त्याच्याकडे बघत बसलो आहे. अर्ध्याचा टोला बंद करावा तर सिस्टरना नुसते तास राहतात, मधला सगळा वेळ आंधळा. काय करू?

तुमचा भाचा

२६ फेब्रुवारी

भाचेबुवा,

हे पत्र वाचताच उठ आणि घड्याळाच्या तळाशी बघ!

सांगतो. काल दुपारी मी झोपलो होतो. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं टोल्यांचं घड्याळ आहे. एका टोल्याने उठलो. ताईला हाक मारली, "एक वाजला का गं?" ती म्हणाली, "दीड होऊन गेला, तुमचं जेवण झाकून ठेवलंय." मी म्हटलं, टोला तर एकच पडला! ती म्हणाली, "दीडला एकच पडतो बाबा." आणि मी खाटेवर ताडकन उठून बसलो. आयुष्यभर डोळ्यांनी घड्याळं बघत आलो, म्हणून हे कधी अडलंच नाही. सिस्टरना काय कळत असेल? आणि मी तुला शाबास म्हटलं!

त्या अमेरिकनाला हे ठाऊक होतं. असणारच. ज्यांच्या घरी तो घड्याळं ठेवून जायचा, त्यातल्या कितीजणांना तबकडीवरचे आकडे वाचता येत असतील? पहाटे गोठ्यात असलेल्या माणसाला घड्याळ दिसतं कुठे? तो कानासाठी घड्याळ बनवत होता. छोटी हातोडी वाकलेली नव्हतीच, लेका. ती जिथे होती तिथेच बरोबर होती. तिच्यासमोरची वस्तू कोणीतरी काढून नेली. तिथे घंटी असणार. तास वेटोळ्यावर, अर्धा घंटीवर. सिस्टरना आठवणारा लहान आवाज तो!

तळाच्या पट्टीत स्क्रूचं भोक सापडतं का बघ. नाही सापडलं तरी कळव, सापडलं तर तार कर.

(बाबा आज जेवायला उठत नाहीत. तू लवकर उत्तर दे. – ताई)

मामा

२ मार्च

ती. मामा,

तार का केली नाही ते ऐका. तुमचं पत्र आलं तेव्हा माझं बोट त्याच भोकात होतं!

खोटं नाही. चामडं काढून, तार पुन्हा सरळ करून, हातोडी हवेत कुठे आपटते तिथे मी खडूचा तुकडा धरला होता. खडूवर खूण उमटली. खुणेच्या सरळ खाली पट्टीत भोक. मला आधी ते किडीचं वाटलं होतं. भिंग लावून पाहिलं तर आत आटे! कीड काही आटे पाडत नाही. तेवढ्यात पोस्टमन आला. मी तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि मोठ्याने "होय मामा" म्हणालो. पोस्टमनने मला नीट न्याहाळलं.

मामा, या माणसाबद्दल मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेतो. चाकाला चकाकी आणायला त्याला वेळ नव्हता, पण साडेबाराला घराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला काय ऐकू येईल एवढा विचार करायला होता. मी नेमकं उलटं केलं.

आता घंटी कुठून आणायची? सायकलवाल्याकडून सायकलच्या घंटीची वाटी आणली. आवाज खणखणीत. लावून सिस्टरच्या घरी नेलं. पहिला अर्धा वाजला आणि सिस्टर उठून दार उघडायला गेल्या. "या, बसा," म्हणाल्या. दारात कोणी नाही. पुढच्या अर्ध्याला पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा मला म्हणाल्या, "अरे, दिवसभर मी पाहुणेच शोधत फिरू का?" भाऊ अंथरुणात हसत होते. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणे.

पण ती चालणार नाही. बाजारातल्या बाकीच्या घंट्या एकतर मोठ्या नाहीतर बद्द. भाचीचा दिवस जवळ येतो आहे. काही सुचवा.

तुमचा भाचा

६ मार्च

लेका,

काल सकाळपासून ताईच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी मी चमच्याने वाजवून पाहिली.

(सगळी. आमचे हे कामावरून आले तर सगळं फरशीवर मांडलेलं आणि बाबा मध्ये बसलेले. मी माहेरी निघून जाईन म्हणाले, तर म्हणतात, तुझं माहेर मीच आहे. – ताई)

पातळ पत्रा बोंबलतो, जाड मुका राहतो. शेवटी माझ्या उशाशीच होती. पार्सल उघड. माझ्या गजराच्या घड्याळाच्या डोक्यावरची वाटी आहे. तिचा आवाज जरा लाजरा आहे, पण भिंतीआडून कळतो. सायकल वाटणार नाही. भोक मोठं पडलं तर खाली चामड्याची चकती घाल, चामडं कातरायची तुला आवडच आहे.

गजराचं काय म्हणून विचारू नकोस. इथे मला उठवायला नातू पुरे आहे.

मामा

२० मार्च

ती. मामा,

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. मध्ये थांबून नमस्कार घालायला सांगू नका.

वाटी बसली. आवाज ऐकून सिस्टरनी खुर्ची घड्याळाजवळ ओढली. पुढच्या अर्ध्यापर्यंत खुर्चीत बसून राहिल्या आणि तो वाजल्यावर म्हणाल्या, "हाच." बसवताना मात्र त्यांनी मला भंडावून सोडलं. हातमोजे काढल्यासारखी बोटं मोकळी करून म्हणायच्या, ही तार कसली? ही उचलली तर काय होतं? ऑपरेशनच्या खोलीत काम केलेल्या बाईला हत्यारांची नावं लागतातच, असं म्हणाल्या.

काल भाची अकराच्या सुमारास आली. बाई वाईट नाही, मामा. आल्याआल्या भावाचे पाय चेपले, त्यांची नखं कापली. मी स्क्रू तपासायचं निमित्त काढून कोपऱ्यात थांबलो होतो.

भाची म्हणाली, "मावशी, एकची गोळी तू दे. मी मध्ये बोलणार नाही. फक्त बघणार."

"बघ की," सिस्टर म्हणाल्या.

बारा वाजले. सिस्टर भावासाठी दूध आणायला आत गेल्या. भाचीने मनगटावर पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि "हे पुढे आहे वाटतं" असं म्हणत तबकडीची काच उघडून मोठा काटा बोटाने मागे घेतला! बाराच्या अलीकडे! मी "अहो" म्हणेपर्यंत काच बंद. टोले मोजणारं चाक काट्याबरोबर मागे येत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बारा टोले त्याने मोजून झाले होते. काटा पुन्हा बारावर आला की ते पुढचा आकडा वाजवणार.

मी बोलणार होतो. पण भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की ही परीक्षा माझी नाही हे मला कळलं.

काटा बारावर आला. वेटोळ्यावर एक टोला पडला. एकच. भरदार.

सिस्टर दुधाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. गोळीची डबी भावाच्या उशाशी, त्यांच्या हाताच्या अंतरावर. भाची बघत होती. सिस्टरनी पेला खाली ठेवला. डबीला हात लावला नाही.

"कोणी केलं हे?" त्या म्हणाल्या.

"काय मावशी?"

"बारानंतर घंटी वाजल्याशिवाय एक होत नाही, पोरी. मधली घंटी कुठाय? काटा कोणी मागे घेतला?"

सिस्टर चाचपत कपाटाशी गेल्या, मागचं दार उघडलं, दोन बोटं आत घातली आणि नेमकी पुढचा तास वाजवणारी ती तार उचलली. घड्याळाने दोन वाजवले. पुन्हा उचलली. तीन. पुन्हा. चार. मामा, मोजणी पुन्हा बारावर यावी म्हणून त्यांनी त्याला एकापुढे एक सगळे तास वाजवायला लावले! पाच, सहा, सात, टोले पडतायत, संपले की पुन्हा पडतायत. समोरची बाई खिडकीत आली. दोन घरं सोडून कोणीतरी ओरडलं, "सिस्टर, वेड लागलं काय तुमच्या घड्याळाला?" सिस्टर ओरडल्या, "गप रे, मोजतेय!" भाऊ अंथरुणात उजवा हात हलवून ताल धरत होते. भाची आधी घाबरली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाराचा शेवटचा टोला पडल्यावर सिस्टरनी दार लावलं.

"आता काटा जिथे होता तिथे ने," त्या भाचीला म्हणाल्या, "आणि एवढा वेळ गेला तो त्यात मिळव. पुढेच फिरव हं, मागे नाही."

भाचीने काटा पुढे नेला.

मग आम्ही बसलो. घंटी वाजली, लाजरी, बारीक. साडेबारा. मग वेटोळ्यावर एक टोला. सिस्टर उठल्या, डबी उघडली, भावाच्या गालावरून हात फिरवला तेव्हा त्यांनी आपणहून तोंड उघडलं. गोळी दिली, दूध पाजलं, ओठ पुसले. पुन्हा घंटी वाजली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "दीड. आता तुम्ही दोघं जेवणार आहात, की घड्याळ बघतच बसणार?"

भाची हो-नाही काही म्हणाली नाही. मी दुकानात परतलो आणि संध्याकाळपर्यंत एकही काम धड झालं नाही. गाडीला जाताना ती दुकानाच्या पायरीशी थांबली. मनगटावरचं घड्याळ काढून तिने काउंटरवर ठेवलं. "हे मागे पडतं वाटतं," म्हणाली, "सावकाश बघा. पुढच्या महिन्यात दोघांना भेटायला येईन तेव्हा नेईन." तिच्या हातात दोन मोठ्या पिशव्या होत्या. दोघांचे कपडे भरून न्यायला आणलेल्या असाव्यात. एकीत एक घातलेल्या, रिकाम्या.

तुमचा भाचा